चादरीच्या कोपऱ्यातला मासा

महदिया, शुक्रवार, ३ ऑक्टोबर

प्रिय मन्नूबियाताई,

तर सगळ्यात आधी टपकली ती शेजारची बेया, चाळणी मागायला. तिच्या घरी तीन चाळण्या आहेत, त्यातल्या दोन माझ्याच. पण आमच्या दारात राखाडी गाडी थांबलेली तिनं गच्चीवरून पाहिली, मग तिला चाळणीवाचून राहवेना. मी म्हटलं, "घे चाळणी आणि पीठ चाळायला आपल्या घरी जा." ती म्हणाली, "जाते की, आधी पाहुणे तर बघू दे." आणि बसली मांडी ठोकून.

पाहुणे दोन. एक वयस्कर, नाव लस्अद, मानानं सी लस्अद म्हणायचं. पिकल्या मिशा, बोलणं हळू. दुसरा तरुण, नाव अनीस, बँकेत आहे असं त्यानं आपण होऊन सांगितलं. त्याचे बूट असे चकचकीत की बेयानं त्यात बघून डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

आता तूच सांग ताई, घरात लग्नाची नात असताना बँकेतला मुलगा घरच्या मोठ्या माणसाला घेऊन गुरुवारी दुपारी येतो, तो कशाला येतो? आपली युस्रा सव्वीसची झाली. सफाक्सला वकिलाच्या कचेरीत काळा झगा घालून बसते. तिचा पहिला झगा मी माझ्या हातानं इस्त्री केला होता, चुणी भिंगातूनही दिसली नसती. ती तिकडे, नझीहा कामावर, घरात मी एकटी. मिठाई आणली नव्हती त्यांनी, पण हल्लीच्या लोकांना रीत कुठं माहीत असते. मी आपला चहा ठेवला, वर चिलगोजे घातले, मूठभर नाही, दोन मुठी. आणि नव्या हंगामाचे खजूर ठेवले.

सी लस्अदांनी मांडीवर फाईल उघडली आणि मोठ्या अदबीनं विचारलं, "लल्ला शादलिया, तुमची मुलगी नझीहा कुठं काम करते?"

मी मनात म्हटलं, आली घराण्याची चौकशी. तुला मागे लिहिलंच होतं की आमचं हॉटेल विकलं जातंय, आणि घेणारी कंपनी म्हणते ज्याच्याकडे नेमणुकीचा कागद तोच आमचा कामगार. धुलाईखान्यातल्या सात बायकांना कागद कधी कुणी दिलाच नाही. हंगाम आला की बोलावणं, संपला की सलाम. बावीस हंगाम गेले नझीहाचे त्यात. हल्ली जेवायला बसली की घास हातात धरून बसून राहते, सांगावं लागतं, बाई, तोंडात घाल. हंगाम या महिन्याअखेर संपतोय. पुढच्या एप्रिलला बोलावणं येईल की नाही हेच तिला खातंय.

पण ही रड पाहुण्यांपुढे कशाला? नातीची सोयरीक जुळायच्या वेळी तिची आई परक्यांच्या चादरी धुते हे कुणी सांगतं का? मी म्हटलं, "काम कसलं, हौसेखातर जाते अधूनमधून, बायकांच्या सोबतीला. आमच्या घरात तशी गरज नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, किती काळजीनं चौकशी करणारी माणसं.

मग मी युस्राची रुखवताची पेटी उघडली. भरतकामाच्या उश्या दाखवल्या, अंगावर पांघरायची रेशमी रिदा दाखवली, अनीस नुसता "छान, छान" करत होता आणि त्याचे कान लाल होत होते. पेटीच्या तळाला अस्तर म्हणून हॉटेलच्या जुन्या चादरी आहेत. जुने मालक हंगाम संपला की फाटक्या चादरी आम्हाला देत, त्या. सी लस्अदांनी रेशमाकडे बघितलंही नाही. त्या फाटक्या चादरीचा कोपरा उचलून विचारलं, "हे काय?"

"मासा. माझी खूण."

"आणि हे शेजारी?"

"ते डाळिंब, नझीहाचं." बोलून गेले आणि जीभ चावली. पण त्यांनी पुढं काही विचारलं नाही. चष्मा लावून मासे मोजत बसले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचे काहीतरी नाद असतात.

जाताना एक छापील चिठ्ठी दिली, ती मी साखरेच्या डब्याखाली ठेवलीय. अक्षरं मुंगीएवढी. साक्षरता वर्गाच्या बाईंनी मला मोठी अक्षरं शिकवलीत, मुंग्या नाही शिकवल्या. पण ताई, त्यांनी मुलीचं एकदाही नाव काढलं नाही, किती खानदानी.

तुझी
शादलिया


बिझर्त, गुरुवार, ९ ऑक्टोबर

शादलिया,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की सून धावत आली. तिला वाटलं मला धाप लागली. मग हसू थांबलं आणि मी पत्र पुन्हा वाचलं.

अगं बाई, मुलगी बघायला आलेला माणूस फाईल घेऊन येतो हे मी चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. माझे कान गेले, पण तुला डोळे होते ना? साखरेच्या डब्याखालची चिठ्ठी काढ आणि कुणाकडून तरी वाचून घे. बेयाकडून नको, ती आधी गावाला वाचून दाखवेल.

मला तर तो म्हातारा कामगार कचेरीतला वाटतो. आणि तसं असेल तर तू काय करून बसलीस कळतंय का? जिला आपण कामगार आहोत हे सिद्ध करायचंय, तिच्या आईनंच लिहून दिलं की ती हौसेखातर जाते. तू लहानपणीही अशीच. शेजारीण म्हणाली "पोरी भुकेल्या दिसतात", तर तू म्हणालीस "आत्ताच भरपेट जेवलो", आणि मी उपाशी राहिले. मला ती दुपार अजून आठवते. मटणाचा कुसकुस होता तो.

चिठ्ठी वाच आणि लगेच लिही. इथं वारा सुटलाय, माझे गुडघे बोलतात.

मन्नूबिया

ता. क. चादरीच्या कोपऱ्यात अजून खुणा शिवतात हे तू मला कधी लिहिलं नव्हतंस. मला वाटलं ती पद्धत बंद पडली असेल.


महदिया, शनिवार, १८ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं खरं होतं. सगळंच खरं होतं, कुसकुससुद्धा.

चिठ्ठी युस्रानं फोनवर वाचून घेतली, म्हणजे मी एकेक अक्षर सांगितलं आणि तिनं जोडलं. सी लस्अद कामगार कचेरीचे निरीक्षक निघाले. अनीस बँकेचाच, पण नवरदेव नव्हे. झालं होतं असं: युस्रानं सात बायकांच्या वतीनं कामगार कचेरीत अर्ज केला होता, आम्हाला न सांगता, उगाच आशा लागायला नको म्हणून. कायदा असा आहे म्हणते की हॉटेल विकलं तरी माणसं विकली जात नाहीत. मालक बदलला तरी काम करणारा त्याच जागेवर राहतो. आणि कंपनीला हॉटेल घ्यायला बँकेचं कर्ज लागतंय, तर बँकेची अट आहे की कामगारांचं भांडण शिल्लक नाही असं कचेरीनं लिहून दिल्याशिवाय कर्जाची सही होणार नाही. म्हणून दोघं बरोबर फिरत होते, घरोघर. सहा घरी त्यांना खरं ऐकायला मिळालं. सातव्या घरी मी भेटले.

नझीहाला मी स्वतः सांगितलं. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "आई, बावीस वर्षं हात सोड्याच्या पाण्यात घालून बसले, तुला लाज वाटते होय माझी?" आणि सार्डिन साफ करायला बसली. मी तिच्या हातांकडे बघत राहिले. माझे हात तसेच आहेत. मीही तिथंच एकतीस हंगाम काढले, आणि लाज मला माझीच वाटत होती, हे मला तेव्हा कळलं.

बुधवारी युस्रा आली. ताई, तू तिला बघायला हवं होतंस. पायात सपाट चपला, केस मागे बांधलेले, रागावण्याचं नाव नाही. म्हणाली, "आजी, तू जे बोललीस ते कागदावर आहे. कागद मी फाडू शकत नाही. पण माणूस कागदापुढं उभं राहून बोलू शकतं. गुरुवारी हॉटेलच्या चादरींच्या खोलीत सगळे जमणार आहेत. येशील?" मी म्हटलं, "गुडघे?" ती म्हणाली, "गुडघे पण आण."

तर गेलो. मी, नझीहा, युस्रा, बाकी सहा जणी, सी लस्अद, अनीस आणि हॉटेलच्या जुन्या मालकाच्या मुलाचा वकील. वकिलानं अत्तर असं लावलेलं की साबणाचा वास हरला. त्यानं पहिलाच कागद वाचला तो माझा. "हिच्या सख्ख्या आईनं सांगितलंय, हौसेखातर, सोबतीला." आणि वर हसला. "या बायका पाहुण्यांसारख्या येत-जात असत. आमच्याकडे यांची नोंद नाही."

युस्रा उठली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी उठले. म्हटलं, "साहेब, ते मी खोटं बोलले. मला वाटलं हे दोघं माझी नात मागायला आलेत."

ताई, सी लस्अदांच्या मिशा हलल्या. अनीस म्हणाला, "लल्ला, मला दोन महिन्यांची मुलगी आहे." मी म्हटलं, "मग तेव्हाच सांगायचं होतंस बाबा, माझ्या दोन मुठी चिलगोजे वाचले असते." सगळ्या बायका हसल्या, नझीहा सोडून. ती खाली बघत होती. मग मी तिच्याकडे तोंड करून म्हटलं, "माझ्या मुलीनं बावीस हंगाम या खोलीत काम केलं. मी ते लपवलं, कारण मी मूर्ख आहे. कामात लाज नव्हती, माझ्यात होती." तिनं मान वर केली.

वकील म्हणाला, "बोलणं काय, आज एक उद्या एक. पुरावा काय?"

तेव्हा युस्रा उठली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "पुरावा तुमच्या कपाटात आहे," आणि कपाटातली चादर काढून खिडकीशी उलगडली. मग तिनं मला विचारलं, जसं शाळेत बाई विचारतात तसं, "शादलियाबाई, हा कोपरा समजावून सांगा."

मला काय, हेच तर येतं. मी सांगितलं की हंगाम सुरू झाला की मुकादमीण प्रत्येकीला लाल धाग्याची एक लडी देते. ज्या चादरी जिच्या वाट्याच्या, त्यांच्या कोपऱ्यात ती आपली खूण शिवते, वाटा दोघींचा असला तर दोघी शेजारी शेजारी. चादर इस्त्रीनं जळली तर कुणाला ओरडायचं ते कळावं म्हणून. दर हंगामाला एक खूण, आधीच्या शेजारी. माझा मासा, नझीहाचं डाळिंब, दुसरीची चांदणी, तिसरीची किल्ली. या चादरीत आठ डाळिंबं म्हणजे आठ हंगाम. त्याआधीच्या चादरी माझ्या पेटीतल्या, येताना बरोबर आणलेल्या, किनारीला हॉटेलचं नाव आणि खरेदीचं साल विणलेलं. एका चादरीचं शेवटचं डाळिंब ज्या हंगामाचं, तिथून पुढच्या चादरीचं पहिलं सुरू होतं. मोजा, बावीस भरतील.

वकील म्हणाला, "छान गोष्ट आहे. ही शिवण या बायकांनी काल बसून केली नाही कशावरून?"

युस्रा चादर उलटसुलट करून बघायला लागली, मी तिचा चेहरा ओळखते. ती कायदा शिकली, धुणं नाही शिकली, आम्हीच शिकू दिलं नाही. मग मी त्या वकिलाला जवळ बोलावलं. "ये बाळा, उजेडाकडे ये. हे पहिलं डाळिंब बघ, जवळजवळ पांढरं. दुसरं पिवळट. तिसरं मातकट. हे पाचवं गुलाबी. आणि हे यंदाचं, लालभडक. एक हंगाम धुतलं की धागा एवढा उतरतो, दोन हंगामांत एवढा. बाळा, खोटं शिवता येतं, खोटं धुता येत नाही."

सी लस्अद गुडघ्यावर बसले, ताई, एवढा मोठा माणूस, आणि प्रत्येक चादर उजेडात धरून मोजत गेले. अनीसनं कोट काढला आणि त्यांच्याबरोबर घड्या उलगडायला लागला. घडी त्याला जमत नव्हती, मग नझीहा उठली आणि म्हणाली, "असं धरा, कोपऱ्याला कोपरा." दोन तास चाललं. ऐंशी चादरी.

येताना नझीहानं माझा हात धरला. रस्ता सपाट होता, धरायची गरज नव्हती.

निकाल अजून यायचाय. दुवा कर.

तुझी
शादलिया


बिझर्त, शनिवार, २५ ऑक्टोबर

शादलिया,

खोटं धुता येत नाही. हे तू म्हणालीस? मी सुनेला तीनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मावशीबाई वकील व्हायला हव्या होत्या." मी म्हटलं, तिची नात झाली की वकील, तिच्यातून हीच बोलते.

आता दोन गोष्टी लिहिते. एक तुला कळलेली नाही आणि एक तुला माहीत नाही.

कळलेली नाही ती अशी. त्या चादरींवर नुसती डाळिंबं नाहीत, मासे आहेत. तो माणूस तुझ्या घरी पहिल्या दिवशी मासेच मोजत बसला होता, तूच लिहिलंस. तुझे एकतीस हंगाम कुणी मोजायचे? तीन वर्षांपूर्वी गुडघे गेले म्हणून घरी बसलीस, हातात एक कागद नाही, म्हातारपणाचं निवृत्तिवेतन नाही, आणि तू स्वतःचं नावही काढलं नाहीस. तू पुन्हा म्हणालीस, मी भरपेट जेवले.

माहीत नाही ती अशी. पहिली तीन वर्षं आपण दोघी त्या धुलाईखान्यात होतो, माझी खूण फणी होती. माझं इकडे बिझर्तला यायचं ठरलं तेव्हा शेवटच्या दिवशी मी एक चादर उचलून आणली. मागून नव्हे, उचलून. तू तेव्हा मुकादमिणीला सांगितलंस की ती समुद्राकाठी वाळत घातली होती, वाऱ्यानं नेली. तुला खरंच तसं वाटलं की मला वाचवलंस, हे मी कधी विचारलं नाही. ती माझ्या कफनासाठी ठेवली होती. तिच्यावर तीन फण्या आणि तीन मासे आहेत, शेजारी शेजारी, आणि किनारीला पहिल्या वर्षाचं साल.

त्यांच्याकडे सगळ्यात जुनी चादर कुठली असेल? तीसेक वर्षांची? ही त्यापेक्षा जुनी आहे. सुनेचा भाऊ सोमवारी गाडीनं तिकडे येतोय, त्याच्याबरोबर देते. हिला धुऊ नकोस. कफनाचं बघू, बाजारात सुती कापड पुष्कळ आहे.

आणि शादलिया, ती चोरी होती हे त्या साहेबांना सांगून टाक. आपल्या घरात आता खरं बोलायची सुरुवात झालीच आहे तर.

मन्नूबिया


महदिया, शुक्रवार, ७ नोव्हेंबर

प्रिय मन्नूबियाताई,

चादर पोचली. बेया दारात उभीच होती, या खेपेला चाळणी परत करायला आली होती म्हणे. मी पुडकं उघडलं, आणि आधी वास आला तो तुझ्या कपाटाचा, मग आईच्या साबणाचा. तुझी फणी आणि माझा मासा असे चिकटून होते जसे लहानपणी आपण एका गादीवर निजायचो. लाल म्हणायला आठवण तेवढी उरलीय त्यांत. वाऱ्याचं विचारतेस, तर तेव्हा वारा नव्हता ताई. पान हलत नव्हतं त्या दिवशी.

आता निकाल. सातही बायका कंपनीकडे जाणार, सगळे हंगाम धरून. सी लस्अदांनी तसा कागद केला, कंपनीनं मानला, मग बँकेनं सही केली. काल दुपारी धुलाईखान्यात नेमणुकीचे कागद वाटले. युस्रानं प्रत्येकीला तिचा कागद पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला, घाई नाही, एकीनं एक शब्द पाचदा विचारला तर पाचदा सांगितला. मी एका कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसून बघत होते. माझी नात, ताई. तिची आजी मुंग्यांना घाबरते आणि तिला सगळ्या मुंग्या नावानं माहीत आहेत.

सहीच्या वेळी अडलं. दोघींना लिहिता येत नाही. कंपनीच्या माणसानं शाईचा डबा पुढं केला, अंगठ्यासाठी. त्यातली एक म्हणाली, "अंगठा कशाला, माझी खूण आहे की." सी लस्अद म्हणाले, "अंगठा लागेल बाई, कायदा आहे. पण शेजारी खूण काढा, मी साक्षीदार म्हणून सही करतो." मग तिनं चांदणी काढली, दुसरीनं किल्ली. नझीहाला तर लिहिता येतं, तिनं नाव लिहिलं, छान गोल अक्षरात, आणि पेन परत द्यायच्या आधी शेजारी एक डाळिंब काढलं. वर चार पाकळ्यांचा मुकुटसुद्धा. काल घरी आल्यापासून ती जेवते आहे, रात्री दोनदा वाढून घेतलं.

मग मी तुझं पुडकं पुढं केलं आणि खरं सांगितलं, की ही चादर माझ्या बहिणीनं पळवली होती आणि मी खोटी साक्ष दिली होती. सी लस्अद म्हणाले, "लल्ला, तुमच्या घरची एक खोटी साक्ष मी खोडलीय, आता ही दुसरी." पण चादर खिडकीशी नेली. मासे मोजले, फण्या मोजल्या. म्हणाले की एकतीस हंगाम भरतात, निवृत्तिवेतनासाठी विमा कचेरीकडे माझा अर्ज ते स्वतः घेऊन जातील, वेळ लागेल पण जाईल. आणि फणीवाल्या बाईंचे तीन हंगाम वाया का घालवायचे, त्यांचंही नाव लिहा. तर मी तुझं नाव लिहून दिलं ताई, माझ्या हातानं, मोठ्या अक्षरात. तू आता काही म्हणू नकोस. भरपेट जेवलेय असं तर मुळीच म्हणू नकोस.

चादर त्यांनी पावती देऊन नेली. म्हणाले, काम झालं की परत आणून देऊ, कफन असो नाहीतर काही असो, ज्याचं त्याला मिळेल. अनीसनं विचारलं, बायकोला आणि मुलीला बरोबर आणू का, बायकोला ती रुखवताची पेटी बघायचीय. मी म्हटलं, आण, पण मिठाई आणायची असते हे तिला सांग.

वीस तारखेला येतो म्हणालेत. पुन्हा गुरुवारच आहे.

तुझी
शादलिया